बारा बुधवारचे, तीस गुरुवारचे

अकराव्या केसिंगच्या कडेला पाण्याचा एक थेंब उभा राहिला. मला वाटलं, माझाच घाम पडला असेल. ऑक्टोबरची दुपार होती, वर पत्रा तापलेला. मी फडक्यानं पुसलं. थेंब परत आला. पुन्हा पुसलं, पुन्हा आला. केसिंगमध्ये दाबानं पाणी भरायला टेस्टिंगच्या हातपंपाचा दांडा मारत असलेले इलाही मेस्त्री थांबले आणि म्हणाले, "साहेब, लोखंडाला घाम येत न्हाई."

संध्याकाळी पाच वाजेपर्यंत आम्ही चाळीसच्या चाळीस केसिंग तपासली. बारा कोरडी राहिली. अठ्ठावीस गळली, आणि गळली तीही चोरासारखी. धार नाही, फवारा नाही. दाब दिला की कुठूनतरी एक थेंब डोकावायचा.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर म्हणून लागून नऊ महिने झाले होते. मी डिप्लोमाला कॉलेजात तिसरा आलो होतो, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करत असे. सांगलीकडच्या एका पंपवाल्यानं आमच्याकडून पहिल्यांदाच माल मागवला होता. चाळीस केसिंग, पसंत पडली तर दर महिन्याला दोनशे. ती वेळेत द्यायची म्हणून मी इरेला पेटलो होतो. खंडेनवमीला सगळं उद्यमनगर थांबतं. मशिनं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा चढतात, पान्यापासून घणापर्यंत सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लागतं, पेढे वाटले जातात आणि माणसं घरी जातात. त्या दिवशीसुद्धा मी दुपारी थांबून काम करून घेतलं होतं. दसरा झाला, आणि शनिवारच्या भट्टीला मी चाळीस केसिंग ओतून दाखवली. मालकांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. ती अंगावर घेऊन मी पाच दिवस फिरत होतो.

आता ती शाबासकी गळत होती.

मालक म्हणजे रावसाहेब हुक्केरी. जाड चष्मा, पांढरा पायजमा, आणि टेबलावर कायम अडकित्ता. मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. पंपवाल्याचा माणूस सोमवारी येणार होता. त्याला काय सांगायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनी जरा वेळानं विचारला, "चूक कुणाची?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. खरं म्हणजे ऑफिसचा जिना चढता चढता मी ते तयार केलं होतं.

पंपाचं केसिंग म्हणजे पंपाचं पोट. बाहेरचा आकार मातीच्या साच्यात येतो. आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा एक घडवलेला गोळा ठेवतात, त्याला कोअर म्हणायचं. वाळूत जवसाचं तेल आणि थोडी काकवी मळून तो करतात, ओव्हनमध्ये भाजतात, वरून काळा लेप देतात. त्याच्याभोवती लोखंड ओततात आणि थंड झाल्यावर वाळू फोडून काढून टाकतात. कोअर ओलसर राहिला तर लोखंडाच्या उष्णतेनं आतल्या ओलीची वाफ होते आणि लोखंडात घुसते. हे सगळं पुस्तकात होतं, आणि पुस्तक मला पाठ होतं.

"कोअर कच्चे राहिले, मालक," मी म्हणालो. "आक्काताईंनी ओव्हनमधून लवकर काढले असणार."

मालक म्हणाले, ती बाई एकोणीस वर्षं कोअर करतेय. त्यावर मी म्हणालो की म्हणूनच, इतक्या वर्षांनी सवयीनं दुर्लक्ष होतं. हे वाक्य मला त्या वेळी फार समंजस वाटलं होतं.

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "गिऱ्हाईकाला काहीतरी केलेलं दिसाय पायजे. तिला सांग, सोमवारपासनं येऊ नको."

आक्काताई बुगडे आमच्या कोअर शॉपच्या प्रमुख होत्या. प्रमुख असं कुणी म्हणत नसे. मोठे कोअर त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून सुटत नसत, एवढंच. वय पंचेचाळीसच्या आसपास, बारीक अंगकाठी, कोपरापर्यंत तेलकट वाळू. नवरा सूतगिरणी बंद पडल्यापासून घरी होता, म्हणजे घर त्यांच्या एकटीच्या हातावर होतं. आणि कोअर बिघडवले म्हणून काढलेल्या बाईला उद्यमनगरात दुसरी फाउंड्री उभं करणार नाही, हेही मला ठाऊक होतं. तिथं अशी बातमी सकाळच्या चहाच्या आधी पोचते.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्या खाली बसून कोअरच्या लाकडी पेटीत वाळू ठासत होत्या. मी पाठ केलेलं सांगितलं: अठ्ठावीस गेली, कोअर कच्चे होते, मालकांचा निर्णय झाला आहे, माझा इलाज नाही. त्यांनी पेटी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. मला वाटलं, आता रडतील, आणि मी त्याचीही तयारी केली होती.

"कुठं कच्चं हुतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, कोअर कच्चे होते.

"ते ऐकलं की. कुठं? मधी, का टोकाला, का एका अंगाला? दावा मला."

मी म्हणालो, ते आता कसं दाखवणार. कोअर तर फुटून गेले, वाळू झाली त्यांची.

"मग केसिंग हाईत न्हवं? कापून दावा."

असं कधी कुणी करत नसे. नापास माल कोपऱ्यात टाकायचा आणि शनिवारी सकाळी घणानं फोडून परत भट्टीत घालायचा, ही आमचीच काय, सगळ्या फाउंड्रींची रीत. लोखंड वाया जात नाही. सोमवारी त्याच लोखंडाचं नवं काहीतरी होतं आणि जुन्याचं कुणाला नावही आठवत नाही.

"एकोणीस वर्षं मी ह्यांची पोटं करते," आक्काताई म्हणाल्या. "दर शनवारी बिघडलेलं फोडतासा. आत काय झालंय ते कुणी बगितलंय? काढायचं तर काढा मला, मी न्हाई म्हणत न्हाई. पर चूक दावून काढा. कशात चुकले ते कळाल्याबिगर घरला जाऊन मी काय करू?"

त्यात विनवणी नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला कबूल केलं पाहिजे, त्या क्षणी मलाही जाणून घ्यायचं झालं. त्यांच्यावर दया आली म्हणून नव्हे. चाळीस केसिंग एका मातीत, एका भट्टीच्या लोखंडानं, एका दिवशी ओतली. मग बारा चांगली कशी निघाली? आदल्या रात्री हा प्रश्न माझ्या डोक्यात येऊन गेला होता आणि मी त्याला दार उघडलं नव्हतं.

मी इलाही मेस्त्रींना गाठलं. ते मोल्डिंगचे, म्हणजे साचे करणाऱ्यांचे, मुख्य. माझ्या वडिलांच्या वयाचे आणि माझ्या पुस्तकांवर त्यांचा फारसा विश्वास नसलेले. मी म्हणालो, एक केसिंग कापायचंय. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काही न विचारता खडू उचलला. गळतीची जागा त्यांनी चाचपून शोधली, रेघ मारली, आणि केसिंग पॉवर हॅक्सॉला बांधलं.

लोखंड कापायला तीन तास लागले. करवत पुढे-मागे होत होती आणि आम्ही तिघे तिच्याभोवती उभे होतो. आक्काताई मध्येच जाऊन आपलं काम करत आणि परत येत. सगळ्या शॉपमध्ये कुजबुज होती की मगदूमसाहेबांचं डोकं फिरलंय, भंगार कापत बसलेत. मगदूम म्हणजे मी. माझ्याकडे बघून कुणी हसलं की एरवी मला राग यायचा. त्या दिवशी मला वेळच नव्हता.

साडेबाराला तुकडा खाली पडला. इलाही मेस्त्रींनी तो उजेडात धरला. भिंतीच्या जाडीत, वरच्या अंगाला, बारीक बारीक भोकं होती, इडली कापल्यावर दिसतात तशी. एकापुढे एक लागून ती बाहेरपर्यंत गेली होती. पाणी त्याच वाटेनं आलं होतं.

आक्काताईंनी बोट फिरवलं. "माती शिरलीया का?"

"मातीचं भोक खडबडीत असतंय," मेस्त्री म्हणाले. "हे बग, कसं गुळगुळीत हाय. वारं हाय हे. आतनं वायू उठला, त्याला बाहेर जायला वाट गावली न्हाई, मग त्यो लोखंडात घुसला."

मला आनंद झाला. मी म्हणालो, तेच तर मी म्हणत होतो, कोअर कच्चे होते. मला वाटतं मी हे जरा मोठ्यानंच म्हणालो.

आक्काताई उठून कोअर शॉपमध्ये गेल्या आणि दोन्ही हातांत एकेक कोअर घेऊन आल्या. कोअर मोडतात, म्हणून मोठ्या कामाला त्या नेहमी दोन जास्त करत. त्याच कामातले हे दोन उरलेले होते, काळा लेप दिलेले, तयार. त्यांनी त्यातला एक माझ्यासमोर फरशीवर ठेवला आणि हातोडीनं मधोमध फोडला.

"आता सांगा कच्चं कुठं हाय."

तेल घातलेली वाळू भाजली की तपकिरी होते. कच्ची राहिली तर मधला भाग फिकट दिसतो, हे मलाही माहीत होतं. मी दोन्ही तुकडे फिरवून फिरवून बघितले. कडेपासून गाभ्यापर्यंत एकसारखा तपकिरी, कडक. नख लावलं तर नखच तुटेल असा. आत कुठंही फिकेपणाचा पट्टा नव्हता.

माझं उत्तर तिथंच, फरशीवर संपलं. आणि गंमत अशी की मला वाईट वाटण्याऐवजी हुशारी वाटायला लागली. कोडं पुन्हा उघडं झालं होतं. कच्चा नाही, तर मग काय?

जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडला नाही. आक्काताई भाकरी खाता खाता बोलत होत्या, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. वाळू तीच. तेल त्याच डब्यातलं. काकवी तीच. ओव्हनला वेळ तेवढाच. मी मध्येच विचारलं, हे सगळे कोअर एका दिवशी केले होते का?

"न्हाई की. बारा बुधवारचं. तीस गुरवारचं, खंडेनवमीचं."

मी भाकरीकडे बघतच राहिलो. बारा आणि तीस बेचाळीस. चाळीस वापरले, दोन उरले. उरलेले शेवटचे, म्हणजे गुरुवारचेच. तिसांतून दोन गेले, अठ्ठावीस. चांगली निघालेली बारा. एवढा साधा हिशेब होता आणि आदल्या संध्याकाळी मी त्यांना एक प्रश्न विचारला असता तर तो तेव्हाच मिळाला असता.

"म्हणजे गुरुवारी काहीतरी वेगळं झालं," मी म्हणालो. "काय वेगळं झालं?"

आक्काताईंच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी भाकरी बांधून ठेवली, हात धुतले, उरलेला दुसरा कोअर उचलला आणि त्याचं एक टोक तोंडाशी नेलं.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कोअर ओला असतानाच त्यातून एक सळई आरपार घालून काढतात. ती वाट मागे राहते. लोखंड ओतलं की तेल जळून कोअरमध्ये वायू होतोच, कितीही भाजला तरी. तो या वाटेनं साच्याबाहेर निघून जातो. आक्काताईंनी त्या वाटेत फुंकर मारली. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठल्या. दुसऱ्या टोकाला मी तळहात धरला होता. हाताला काहीच लागलं नाही.

त्यांनी मग सकाळीच लेप देऊन ठेवलेला, दुसऱ्या कामाचा एक कोअर आणला. त्यात फुंकर मारली. माझ्या तळहाताला गार वारा लागला.

मी तो बंद कोअर हिसकावूनच घेतला म्हणाना. स्वतः फुंकून बघितलं, ओठ काळे झाले. मेस्त्रींनी फुंकून बघितलं. मग आम्ही फोडलेल्या कोअरचे तुकडे उन्हात नेले. आतली वाट स्वच्छ मोकळी होती. फक्त टोकाशी, जिथं ती बाहेर उघडते तिथं, काळ्या लेपाचा पातळ पापुद्रा बसला होता. दोन्ही टोकांना. काडेपेटीतल्या काडीनं ढकलला तर तुटून आत पडला. एवढ्याशा पापुद्र्यानं अठ्ठावीस केसिंग घालवली होती.

"पण लेप तर आपण नेहमीच देतो," मी म्हणालो. "बुधवारच्या बारांनाही दिलाच होता. मग त्यांची तोंडं का नाही बंद झाली?"

मेस्त्रींनी दोन्ही कोअर शेजारी शेजारी धरले. सकाळच्या कोअरचं भोक पेन्सिलीएवढं होतं. गुरुवारच्याचं त्याच्या निम्मंही नव्हतं. "ही सळईची वाट न्हवं," ते म्हणाले.

"खराट्याची काडी," आक्काताई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"काडीनं पाडली मी वाट. आरपार गेली हुती, पलीकडच्या टोकाला दिसली, म्हणून मला वाटलं झालं काम. बारीक भोकावर लेप साय धरल्यागत बसला." त्या ते भोक पुन्हा पुन्हा बघत होत्या. चेहऱ्यावर नवल होतं. "बगा की. एवढ्यानं."

मी विचारलं, "पण सळई का नाही वापरली?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. उत्तर मेस्त्रींनी दिलं, "सळई पूजेत बसलीवती, साहेब."

तेव्हा मला तो गुरुवार आठवला. पाटावर ओळीनं मांडलेली हत्यारं, उदबत्तीचा वास, घरी निघालेली माणसं. आक्काताई पिशवी घेऊन दारात होत्या आणि मी त्यांना थांबवलं होतं. त्यांनी सांगितलं होतं की हत्यारं पूजेत आहेत, आज हात लावायचा नसतो, उद्या पूजा हलली की दसऱ्याच्या दुपारी येऊन करून देते. मी घड्याळ बघत म्हणालो होतो, हातानं करा, कशानंही करा, पण आज करा. आणि पुढं निघून गेलो होतो. कशानंही म्हणजे कशानं, हे बघायला मी थांबलो नव्हतो. त्यांनी दोन्हीकडचं राखलं होतं. देवाची सळई उचलली नाही आणि साहेबाचे तीस कोअरही करून दिले.

"सापडलं बगा," आक्काताई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "म्हंजे माझीच हुती. काडी माझ्याच हातची. चला, मालकास्नी दावू या. निदान म्होरच्या बाईला तरी कळंल."

दोन्ही कोअर, फोडलेला आणि बंद, पाटीत घालून त्या पुढे निघाल्या. मी मागे राहिलो. इलाही मेस्त्री केसिंगचा तुकडा फडक्यानं पुसत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांनी मान वर केली नाही. त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते लपवून उपयोग नाही. चूक कोअरचीच निघाली होती. कोअर आक्काताईंचेच होते. त्या स्वतःच्या तोंडानं कबूल करत होत्या. मी गप्प बसलो तर मला खोटं बोलावंही लागणार नव्हतं. हे सगळं मी अंगण ओलांडेपर्यंत दोनदा घोळवून बघितलं, आणि दोन्ही वेळा ते सोयीचं वाटलं. मला स्वतःची किळस आली, पण सोय काही कमी वाटेना.

ऑफिसात आक्काताईंनी पाटी थेट मालकांच्या टेबलावर ठेवली. एकोणीस वर्षांत आक्काताई त्या खोलीत किती वेळा आल्या असतील कोण जाणे. पण त्या दिवशी त्या घरच्यासारख्या बोलत होत्या. हे बगा वाट, हे बगा तोंड, हा पापुद्रा. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. मग खुर्चीतून उठले. मग बंद कोअर हातात घेऊन त्यांनी स्वतः फुंकून बघितला, आणि त्यांच्याही ओठांवर काळी मिशी उमटली. आक्काताईंनी सांगितलं की यापुढं लेप दिल्यावर परत एकदा वाट उघडायची, आणि साच्यात ठेवायच्या आधी प्रत्येक कोअर फुंकून बघायचा, म्हणजे कुणाच्याही हातून झालं तरी कळेल.

मालक खूश झाले होते. त्यांना विसर पडला होता की ही बाई सोमवारपासून येणार नाही. मग एकदम त्यांनी विचारलं, "पर काडी का घेतलीस? सळई कुठं हुती?"

आक्काताई म्हणाल्या, "जाग्यावर नव्हती."

बस, एवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर कदाचित मी खाली मान घातली असती. त्यांनी मला पूर्ण मोकळं सोडलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

"सळई पूजेत होती, मालक," मी म्हणालो. "खंडेनवमीला मी त्यांना थांबवून घेतलं. त्या दसऱ्याला येऊन करते म्हणत होत्या. मीच म्हणालो, कशानंही करा पण आज करा."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. वाटलं, संपलं, मी शहाण्यासारखा वागलो. मालकांनी खुर्चीत बसून अडकित्ता हातात घेतला आणि मला विचारलं, "हे काल का न्हाई सांगितलंस?"

"काल मला माहीत नव्हतं, मालक."

"व्हय," ते म्हणाले. "काल तुला काय झालंय ते माहीत नव्हतं. मग काल बाईचं नाव कसं माहीत हुतं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. सुपारी कातरावी तसा एक शब्द, मग दुसरा, असं ते बोलले. डिप्लोमाच्या तीन वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र मला येत होतं. आदल्या दिवशी जिना चढतानाही येत होतं. फक्त ते मालकांना देण्यासारखं नव्हतं. ज्यांना द्यायचं त्या माझ्या शेजारी टेबलापाशी उभ्या होत्या.

मी त्यांच्याकडे वळलो. "आक्काताई, मला काहीच माहीत नव्हतं. मेस्त्रींचं नाव घेतलं असतं तर सगळं मोल्डिंग माझ्यावर उठलं असतं. स्वतःचं मला सुचलंसुद्धा नाही. तुमच्यामागं कुणी उभं राहायचं नाही असं वाटलं, म्हणून तुमचं घेतलं."

खाली कुणीतरी वाळू चाळत होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचे तर हात काळे होते.

आक्काताईंनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. नाही म्हणाल्या नाहीत, असू द्या म्हणाल्या नाहीत. "मला ते सकाळीच कळालं हुतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही दारात येऊन हुबारला तवाच." मग त्यांनी पाटी कमरेवर घेतली आणि मालकांना म्हणाल्या, "ह्यांला तीन महिनं माझ्याकडं द्या. हाताला काय येत न्हाई ह्यांच्या. पर चूक कापून बगायला भीत न्हाईत, हे आज बगितलं."

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "घेऊन जा."

सोमवारी आठ वाजता मी बाह्या दुमडून आक्काताईंच्या समोर जमिनीवर बसलो. दिवसभरात माझे नऊ कोअर मोडले, आणि प्रत्येकाचे तुकडे त्यांनी माझ्याच हातात दिले.